भूगोल शिकायचा तर कुठून सुरुवात करायची? गोव्यातल्या नवशिक्यांसाठी

भूगोल म्हटलं की आपल्याकडे अजून दोनच गोष्टी आठवतात: राजधान्यांची यादी आणि नकाशात रंग भरणं. शाळेत हा विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलेला असतो आणि दहावी झाली की बहुतेकांचा त्याच्याशी संबंध संपतो. मग पेडण्याची किंवा सांग्याची एखादी मुलगी पदवीला भूगोल घ्यायचं म्हणते तेव्हा घरातून हमखास प्रश्न येतो, ‘घेऊन करणार काय?’ त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी विषयात शिरायचं कसं ते पाहू.

पाठ्यपुस्तक व्याख्येपासून सुरू होतं, पाठोपाठ शाखांचा तक्ता येतो आणि क्षेत्रभेट वर्षाच्या शेवटी उरकली जाते. मी क्रम उलटा सुचवतो. एक जागा धरा, तिचा नकाशा वाचा, तिथे पायी फिरा आणि मग शाखांची नावं घ्या. संगणकाला सगळ्यात शेवटी हात लावा. तक्ता पाठ करून कुणाला भूगोल आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पायरी १: एक जागा धरा

जागा अर्ध्या दिवसात चालून होईल एवढीच असावी. तिच्यात चढ-उतार हवा, पाणी हवं आणि माणसांची वस्ती हवी. गोव्यात हे जमवणं सोपं आहे. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात पूर्वेला हजार मीटरांच्या वर गेलेली सह्याद्रीची शिखरं आहेत, मध्ये जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं आहेत आणि पश्चिमेला समुद्र. सकाळी सत्तरीतून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावर पोचतो.

एक सल्ला मात्र ऐका: पहिली जागा म्हणून कळंगूट-बागा घेऊ नका. तिथे पर्यटनाचा गलबला इतका की खालची जमीन दिसतच नाही. तुमच्याच गावाचा सडा आणि त्याच्या पायथ्याची शेतं घ्या. ज्यांना असं काही जवळ नाही त्यांनी बांबोळीच्या पठारावरून नेवरा-मांदूरच्या खाजनांकडे (बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या शेतांकडे) उतरणारा पट्टा घ्यावा. पुढची उदाहरणं मी तोच पट्टा डोळ्यांसमोर ठेवून देतो आहे.

पायरी २: नकाशा वाचायला शिका

मोबाइलवरचा नकाशा रस्ता दाखवतो, जमीन दाखवत नाही. तुम्हाला हवा सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलनिर्देशक नकाशा, ज्याला सगळे टोपोशीटच म्हणतात. ही संस्था १७६७ पासून देशाचे नकाशे करते आहे. नेहमीच्या वापरातलं प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. जुन्या क्रमांकांत गोवा मुख्यतः ४८ ई आणि ४८ आय या गटांत येतो आणि काणकोणचं दक्षिण टोक ४८ जे मध्ये जातं. १५ अंश ३० मिनिटांचं अक्षवृत्त जवळजवळ पणजीवरूनच जात असल्यामुळे पणजी एका पत्रकाच्या कडेला येते आणि नदीपलीकडची पर्वरी दुसऱ्या पत्रकात. तेव्हा पणजीकरांनी दोन्ही पत्रकं मिळवावीत.

रंग लगेच कळतात: निळं पाणी, हिरवं जंगल, पिवळी शेती, लाल रस्ते आणि घरं. वेळ द्यायचा तो तपकिरी समोच्चरेषांना. प्रत्येक रेषा सारख्या उंचीची ठिकाणं जोडते आणि दोन रेषांत उंचीचा फरक २० मीटरांचा असतो. रेषा दाटीनं आल्या की उतार खडा, विरळ झाल्या की जमीन सपाट. गोव्यातला सडा नकाशात चटकन ओळखू येतो. वर मोकळा पसारा आणि कडेला एकदम रेषांची गर्दी.

आता करून पाहा. पठारावरच्या एका बिंदूपासून खाजनातल्या एका बिंदूपर्यंत पेन्सिलीनं सरळ रेघ ओढा. तिच्यावर कागदाची पट्टी ठेवून समोच्चरेषा जिथे जिथे कापते तिथे खूण करा आणि उंची लिहा. ती उंची आलेखावर मांडून बिंदू जोडले की त्या जमिनीचा आडवा छेद तयार होतो. पहिला छेद वाकडातिकडा येणारच. दुसऱ्या-तिसऱ्या छेदानंतर नकाशाकडे बघूनच डोंगर दिसायला लागतो. हे कौशल्य एकदा आलं की बाकीचा विषय निम्मा सोपा होतो, म्हणून इथे घाई करू नका.

पायरी ३: त्या छेदावरून चाला

हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. जमल्यास ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर आणि भात शेतात उभं असताना. निघण्यापूर्वी भरती-सुकतीची वेळ पाहून ठेवा आणि खाजनात सुकतीला पोचाल असा बेत आखा.

सुरुवात वरून करा. सड्यावर पायांखाली काळपट-तांबडा, भोकाभोकांचा दगड असतो. हा जांभा. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत मूळ खडक कुजतो, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहतात. जवळ एखादी चिरेखाण असेल तर तिच्या भिंतीकडे नीट बघा. वर कठीण कवच, खाली मऊ जांभा आणि त्याहून खाली पांढरट-पिवळी चिकणमाती. खाणीतून काढलेला ओला चिरा मऊ असतो आणि उघड्यावर पडला की कडक होत जातो. गोव्यातली घरं, देवळं, चर्च, किल्ले याच चिऱ्यांचे.

सड्यावर माती जेमतेम बोटभर. त्यामुळे वर झाडं खुरटी आणि घरं पूर्वी जवळपास नव्हतीच. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली मुरतं, चिकणमातीशी अडतं आणि आडवं सरकत उताराच्या पायथ्याला झर होऊन बाहेर पडतं. आता छेदावर पाहा, जुना गाव नेमका कुठे आहे. तिथेच, झरीच्या आणि विहिरींच्या पट्ट्यात, सड्याच्या पायाशी. वर पाणी नाही, खाली पूर आणि खारं पाणी. मधली जागा माणसांनी उचलली. गोव्यातली जुनी गावं एकेक करून नकाशात तपासा, हा नमुना पुन्हा पुन्हा सापडेल. आणि आज त्याच ओसाड सड्यांवर काय उभं आहे? दाबोळीचा विमानतळ, ताळगावच्या पठारावरचं विद्यापीठ, जानेवारी २०२३ पासून चालू झालेला मोपाचा विमानतळ. ज्या जमिनीला शेतकऱ्याच्या लेखी किंमत नव्हती ती यंत्रांच्या काळात सोन्याची झाली. जमीन तीच, तिला विचारलेला प्रश्न बदलला.

गाव ओलांडून माडांतून खाली उतरलात की खाजन लागतं. ही जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणजे नदीकाठचा बांध नसता तर दिवसातून दोनदा खारं पाणी तिच्यावर फिरलं असतं. गोव्यात भरती-सुकतीतला फरक मोठ्या भरतीच्या दिवसांत साधारण दोन मीटरांचा, आणि मांडवी-जुवारीत खारं पाणी कितीतरी किलोमीटर आतपर्यंत चढतं. बांध चिखलाचा, चिऱ्यांनी शाकारलेला. त्यात एका ठिकाणी मानस बसवलेली असते: चिऱ्यांच्या चौकटीतलं लाकडी दार. तिथे थांबा. सुकती लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं दार नदीच्या बाजूला ढकललं जातं आणि शेतातलं पाणी बाहेर पडतं. भरती चढू लागली की बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. ना वीज, ना राखणदार. पाणी बाहेर पडताना दारापाशी जाळं लावून सुंगटं आणि मासळी धरतात आणि त्या मासेमारीचा लिलाव होतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरींनी वरच्या मातीतलं मीठ धुऊन जातं, मग भात पेरतात. पारंपरिक वाण कोरगुट, जे थोडा खारटपणा सोसतं. कुर्ल्यांनी बांध पोखरला, दुरुस्ती राहिली आणि खांड पडली तर खारं पाणी आत शिरतं आणि शेत पडीक होतं. पडीक शेतात तिवरं उगवतात, तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि मग शेत परत कसायचं की नाही हा वाद सुरू होतो. पूर्वी बांधांची देखभाल गावकारी, म्हणजे गावाची सामुदायिक संस्था, करत असे. कुळकायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. शेती करणारेच कमी झाल्यावर बांधाकडे बघणार कोण?

वहीत उत्तरं लिहू नका, प्रश्न लिहा. दार कोणत्या बाजूला उघडतं? बांधाच्या बाहेर तिवरं आहेत का? किती शेतं पडीक आहेत? ती कुणाची आणि मालक राहतो कुठे? बांधावर एखादा म्हातारा माणूस भेटला तर त्याला बोलतं करा. अशा वेळी आपलं पुस्तकी ज्ञान खिशात ठेवावं.

पायरी ४: आता शाखांची नावं

जांभा कसा तयार झाला आणि सडा सपाट का, हे भूरूपशास्त्र. माती किती आणि कसली, हा मृदा भूगोल. तिवरं कुठे वाढतात, सड्यावर पावसात कोणती फुलं येतात आणि सत्तरीतल्या बांबर इथली जायफळाच्या जातीच्या झाडांची दलदल, निरंकाराची राय, इतक्या थोड्या जागेत का टिकली, हा जैव भूगोल. पाणी, भरती, खारेपणा हे जलविज्ञान आणि सागरविज्ञानाच्या वाटेनं जातं. हे सगळं मिळून प्राकृतिक भूगोल.

हवामानशास्त्राला घरबसल्या सुरुवात करता येते. सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीनं पाणी मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. घाटाकडे वाळपईत त्याहून बराच जास्त, कारण समुद्रावरचं बाष्प सह्याद्रीला अडून वर चढतं आणि थंड होतं. वाळपईला मावशी-आत्या कुणी राहत असेल तर तिथेही एक डबा ठेवायला सांगा. चार महिन्यांत दोन वह्या तयार होतील आणि प्रतिरोध पाऊस पुस्तकात वाचायची गरज उरणार नाही.

दुसरा प्रयोग सावलीचा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अंगणात काठी उभी करा. तिची सावली नाहीशी होईल ती वेळ बाराची नसेल, साडेबाराच्या सुमाराची असेल. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतात, पणजी ७३.८ अंशांवर आहे आणि एका अंशाला चार मिनिटं लागतात. फरक आला जवळपास ३५ मिनिटांचा. ऑगस्टात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांतून दिसला तर नशीब. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसनं असल्याच सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला होता. इजिप्तमधल्या सायीनला सावली नव्हती त्या दुपारी अलेक्झांड्रियात ती ७.२ अंशांची होती, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग.

मानवी भूगोलाच्या शाखा पुस्तकात सुक्या वाटतात. गोव्यात त्यांच्याइतकं रसाळ काही नाही.

ऐतिहासिक भूगोल घ्या. मंगेशी मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. आज तिन्ही देवस्थानं फोंडा तालुक्यात. का? सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, सासष्टी पोर्तुगिजांच्या हाती होती आणि जुवारीपलीकडचं फोंडं नव्हतं; ते त्यांना मिळालं अठराव्या शतकात. लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडली. नकाशावर मूळ जागा आणि आजची जागा बाणांनी जोडून पाहा. बहुतेक बाण एका नदीला ओलांडताना दिसतील आणि त्या काळची सरहद्द आपोआप उमटेल.

राजकीय भूगोलासाठी तेरेखोलला जा. नदीच्या उत्तर काठावर, सिंधुदुर्गाला चिकटलेला हा गाव गोव्यात आहे, कारण तिथला किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी सावंतवाडीकरांकडून घेतला होता. केरीहून फेरीबोटीनं पलीकडे जाताना नदी ही नैसर्गिक सीमा असते हे पाठ्यपुस्तकी वाक्य तपासून घ्या. आणि म्हादई नदी तर रोज वर्तमानपत्रात असते: उगम कर्नाटकात, मुख गोव्यात. २०१० साली स्थापन झालेल्या लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, आणि भांडण तरीही सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाणलोट क्षेत्राला राज्यांच्या सीमा माहीत नसतात, इथूनच हा सगळा गुंता सुरू होतो.

वस्ती भूगोलात जनगणनेच्या आकड्यांना भुलू नका. २०११ मध्ये गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त. पण जनगणना ज्या गावात किमान ५,००० लोक, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि ७५ टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर असतील त्याला शहर धरते. त्यामुळे पंचायत असलेली, भाटांत घरं विखुरलेली कितीतरी गावं कागदावर शहरं झाली. ती खरंच शहरं आहेत का, हा पदवीच्या प्रकल्पाला उत्तम विषय आहे.

आर्थिक आणि कृषी भूगोल थोडक्यात: डिचोली-सांग्याचं लोहखनिज, बार्जीतून मुरगाव बंदर, काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी खोल्याची मिरची, अंत्रूजची, म्हणजे फोंड्याकडची कुळागरं (सुपारीच्या बागा). वैद्यकीय भूगोल लोक विसरतात. जॉन स्नोनं १८५४ मध्ये लंडनच्या नकाशावर पटकीचे मृत्यू मांडून दूषित पाण्याचा पंप शोधला. जुनं गोवं साथींनी ओस पडत गेलं आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली, ही गोष्ट त्याच नजरेनं वाचून पाहा.

पायरी ५: एक जुना वाद समजून घ्या

आधुनिक भूगोलाचा पाया हुम्बोल्ट आणि रिटर या दोन जर्मन अभ्यासकांनी घातला. योगायोग असा की दोघंही १८५९ मध्येच गेले. पुढे राटझेलच्या विचारातून, निसर्गच माणसाचं जगणं ठरवतो असं मानणारा पंथ वाढला. फ्रान्समध्ये विदाल द ला ब्लाशनं त्याला उत्तर दिलं: निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो. खाजन पाहून आलेल्या माणसाला हा वाद परीक्षेपुरता राहत नाही. भरतीच्या पातळीखालची जमीन ही निसर्गाची अट, आणि मानस ही माणसाची निवड. तरीही कोरगुटऐवजी तिथे हवं ते पीक घेता येत नाही. मी स्वतः विदालच्या बाजूचा, पण जूनमध्ये बांध फुटल्याची बातमी आली की राटझेलही आठवतो.

१९५० नंतर भूगोलात आकडेशास्त्र शिरलं आणि १९७० मध्ये टोब्लरनं एक साधं सूत्र मांडलं: सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा अधिक. आजचं सगळं संगणकी विश्लेषण या एका वाक्यावर उभं आहे.

पायरी ६: आता संगणक

क्यूजीआयएस ही संगणकावर नकाशे करायची प्रणाली फुकट आहे. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उपग्रह प्रतिमा बघता येतात. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट चालवते, आणि ते चांगले असतात. पहिलं काम मोठं घेऊ नका. आपल्या खाजनातली पडीक शेतं जुन्या आणि नव्या प्रतिमेवर आखा, दोन्हींचं क्षेत्रफळ काढा आणि नकाशा गावात नेऊन दाखवा. लोक दोन मिनिटांत चार चुका काढतील. त्या दुरुस्त करूनच नकाशा पुरा होतो.

पायरी ७: ‘घेऊन करणार काय?’

शिक्षकी हा जुना रस्ता आहेच: बीएड करून शाळेत, नेट होऊन महाविद्यालयात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत भूगोल वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो आणि सामान्य अध्ययनातही तो पुष्कळ लागतो. नवा रस्ता जीआयएसचा, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचा आहे. नगरनियोजन, आपत्ती व्यवस्थापन, किनारा नियमन, रस्ते, खाणी, सगळ्यांना नकाशा करणारी माणसं लागतात. मात्र नुसतं सॉफ्टवेअर येणारे पुष्कळ आहेत. जमीन वाचता येणारे थोडे.

दोना पावलाची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था किंवा वास्कोची ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था डोळ्यांसमोर असेल (१९८१ साली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली होती), तर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका. तिथे निव्वळ कला शाखेच्या भूगोलावर निभावणं कठीण जातं.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाच्या भूगोल विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. वर्षाला क्षेत्रभेटी किती होतात आणि त्या दूरच्या सहली असतात की मोजमापांचं काम? टोपोशीट आणि सर्वेक्षणाची उपकरणं विद्यार्थ्यांच्या हातात येतात का, की कपाटात असतात? आणि शेवटच्या वर्षाचे जुने प्रकल्प बघायला मिळतील का? प्रकल्पांच्या फायली उघडल्यात आणि त्यांत विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेले नकाशे दिसले, तर तिथे नाव घालायला हरकत नाही.